नाव कमी करणे

रात्री दोन दहाला
चांदिवलीच्या पाचव्या मजल्यावर
शेड्यूलर पुन्हा एकदा सुरमई-तीनला हाक मारतो.
सुरमई-तीन उचलत नाही.
पाच मिनिटांनी परत.

सर्व्हरांना माशांची नावं मिस्किटाने दिली,
मरोळच्या घरी त्याची आई ज्या क्रमाने शिजवायची
त्या क्रमाने.
सुरमई-तीन दोन वर्षांपूर्वी कुर्ल्याच्या भंगारात गेली,
किलोच्या भावाने. पावती माझ्याच ड्रॉवरमध्ये आहे.
पण टेबलात ती अजून 'चालू' आहे.
तिच्या नावाचं एक कुलूप आहे
आणि कुलपामागे रांग:
तिच्यासाठी हलवा-एक थांबलाय,
हलव्यासाठी मांदेली,
मांदेलीसाठी आजचा, खरा, जिवंत बॅकअप,
एका इस्पितळाचा,
ज्याची सकाळी सातला कुणीतरी चौकशी करणार.

शिळ्या कढीला ऊत म्हणतात तो हा.
आई म्हणायची, शिळं असं काही नसतं गं,
पोळी कुस्करायची, मोहरी तडतडली की झालं.
एक्केचाळीस हजार दोनशे सहा ओळी.
यांना कुठली फोडणी?

मिस्किटाला वसईला फोन लावते. तो झोपेतच:
"धुरी, आधी शेड्यूलर बंद कर.
मग बॅकअप घे. मग मोज. मग परत मोज.
आणि 'व्हेअर' विसरू नकोस.
मी एकदा विसरलो होतो, लग्न ठरलं होतं तेव्हा."
पुढचं सांगत नाही. ठेवतो.

बंद करते.
काचेपलीकडे एक विमान उतरतं, दिवे खाली घेऊन.
बॅकअप. मोजते. परत मोजते.
दोन्ही वेळा तोच आकडा,
तरी बोट एंटरवर टेकत नाही.

बाबा गेल्यावर भांडुपच्या शिधावाटप कार्यालयात गेले होते.
खिडकीवर पाटी: नाव कमी करणे, सोम ते गुरु.
कमी करणे. जसं भाजीत मीठ.
बाईंनी दाखला वाचला, पट्टी ठेवली,
लाल पेनाने एक रेघ ओढली,
"साखर आता तिघांची," म्हणाल्या,
आणि शिक्का मारताना
शाई सुकली का ते बोट लावून बघितलं.
रेघेखालून अनंत बाबाजी धुरी अजून वाचता येतात.
वय तिथे त्रेपन्नच.

इथे रेघ नसते.

डिलीट, अमुक टेबलातून,
जिथे स्थिती 'चालू'
आणि शेवटची हालचाल दोन वर्षांआधीची.
'जिथे' दोनदा वाचते. मिस्किटाचं लग्न आठवून.
एंटर.
कर्सर लुकलुकत राहतो, इतका वेळ
की माझंच काहीतरी अडकलंय असं वाटतं.
मग: एक्केचाळीस हजार दोनशे सहा.
कमिट.

शेड्यूलर उठतो.
हलवा सुटतो, मांदेली सुटते.
दोन दहाची हाक आता कुणाच्याच नावाने नाही.
तीन चाळीसला इस्पितळ हिरवं होतं.

शिफ्टच्या वहीत लिहायचं असतं, काय केलं ते.
'जुना डेटा साफ केला' लिहिते. सही. वेळ.
मग खाली, जागा उरलीच आहे म्हणून,
सुरमई-३.
लाल पेन सापडत नाही. निळ्यानेच,
आयकार्डाच्या कडेची पट्टी करून,
एक रेघ.
जरा वाकडी येते.
वाचता येतंय ना, ते बघते,
आणि डबा उघडते.