दोन दारांची गारी

आवडतं ते आधी सांगतो,
बायको चहा घेऊन येईपर्यंत उरकेल.

पहाटे पावणेपाचला बटण दाबलं
की ती आधी खाकरते,
मग घसा मोकळा करून
अख्ख्या करावे गावाला विचारते, कोण कोण जागं आहे?
हे आवडतं.
हिराकाकीचा नातू भोकाड पसरतो, ते नाही आवडत,
पण काकीनं खिडकी लावून घ्यावी ना.

लांबलचक बॉनेट आवडतं.
आत बसलं की वाटतं, पुढं कुणी पैलवान
पालथा झोपलाय.
गल्लीत वळताना तोच पैलवान
आधी वळतो, मग मी,
मग जोमाच्या टपरीचा पत्रा.

काटे खोटे आहेत, पडद्यावर काढलेले.
मला थरथरणारे हवे होते,
बापाच्या मिठाच्या काट्यासारखे,
शेवटची मूठ पडेपर्यंत निर्णय न देणारे.

लिटरला पाच किलोमीटर,
तेही तिची मर्जी असेल तर.

चारशे घोडे, आणि पामबीचला साठची मर्यादा.
खांबाखांबावर कॅमेरे.
दहा गिअर दिलेत,
त्यातले वरचे तीन अजून कोरे,
माळ्यावरच्या आहेराच्या भांड्यांसारखे.

देवळासमोरच्या स्पीडब्रेकरवर
पोट घासतं तिचं. दररोज.
तिरकी घेतो, श्वास रोखून,
जणू मीच हलका होणार आहे.
तो स्पीडब्रेकर माझ्यामुळेच बसला,
आणि वर्गणीच्या वहीत पहिला आकडा माझाच आहे,
पाच हजार एक.
नाही कसा म्हणणार? समोर सगळे चुलते बसलेले.

पण किल्ल्याचं वळण संपलं,
डावीकडं काळी खाडी, एकही रिक्षा नाही,
आणि पाय जरासा,
जरासाच दाबला,
तर पाठ सीटमध्ये रुतते,
पोट मागच्या सिग्नलवर राहतं.
साडेबारा टक्क्यांतला अर्धा प्लॉट
मी त्या चार सेकंदांना विकला.
इथंच कुठंतरी, याच डांबराखाली,
बापाचं मिठागर होतं.
त्यानं टोपलीमागं काय मिळवलं
हा हिशोब मी गाडीत करत नाही.

आयला एकदाच बसवली.
मागं शिरता येईना, पुढं उतरता येईना.
दोघांनी धरून बाहेर काढली तेव्हा म्हणाली,
“चारशे घोरं, नं बसाला दोगंच?”

परवा दाराच्या खालच्या कडेला
गंजाचा ठिपका दिसला. मसुराएवढा.
खारघरचा पेंटर म्हणतो, आत्ताच घासून घ्या.
आयनं बोट फिरवलं,
पदराला पुसलं.
“खारा वारा हाय,
कोनाला सोरत नाय.”

घासून घेईन.
पुढच्या आठवड्यात बघू.