नट, म्हणजे अक्रोड नव्हे

वाळूज एमआयडीसी, सी सेक्टर, पत्र्याच्या शेडमागं
मला एक टेबल दिलंय आणि एक पंखा,
जो फक्त कागदांवर डूख धरून आहे.
दोनशे बारा पानांची इंग्रजी पुस्तिका
फ्रेंचमध्ये न्यायची, चैत्र संपायच्या आत.
प्रेस मशीन निघालंय लिओंला.
सोबत भाषा हवी, नाहीतर
तिथल्या कामगाराचा हात कुठं जाईल कोण जाणे.

पहिला खर्डा कॉम्प्युटरनं करून ठेवलाय.
त्याच्या फ्रेंचमध्ये लिहिलंय: अक्रोड घट्ट आवळा.
खाली: समुद्रातला सील दर सहा महिन्यांनी बदला,
फाटला असल्यास ताबडतोब.
मी हसले, एकटीच.
मग आठवलं, माझ्याही भाषेत नट
तोंडाला रंग फासून उभा राहतो
आणि आवळा तुरट लागतो.

डिप्लोमाला देवणीकर मॅडम म्हणायच्या,
शब्दाला एकट्याला गाठू नका,
आधी शेजारीपाजारी चौकशी करा.
स्प्रिंगची तीन घरं: वसंत ऋतू, झरा, वेटोळं घातलेली तार.
इंग्रजीत तिन्ही दारांना एकच किल्ली.
फ्रेंचमध्ये कुलपं वेगळी,
प्रँताँ, सूर्स, रसोर.
आणि पान चौदावर शेजारी कुणीच नाही.
नुसतं: स्प्रिंग तपासा.

काय शोधायलीस गं पोरी?
हबीबचाचा. प्रेसवर एकतीस वर्षं,
आता नव्या पोरांना शिकवायला ठेवलेत.
खालच्या खणातून त्यांनी तेलकट तार काढली,
माझ्या तळव्यावर ठेवली, अंगठ्यानं दाबली, सोडली.
हे तपासायचं, म्हणाले.
रसोर, मी लिहिलं. कागदावर तेलाचा डाग पडला,
तो राहू दिला.

क्रेनपाशी मात्र अडले नाही.
फ्रेंच ग्र्यूमध्ये लोखंडी मानही नांदते
आणि जायकवाडीच्या गाळावर हिवाळ्यात उतरणारा पक्षीही.
माझा भाऊ ते पक्षी मोजतो, पैठणला, रोजंदारीवर.
त्याला फोन करून सांगितलं.
तो म्हणाला, बरं मग?

तेव्हापासून रोज जेवणाच्या सुट्टीत
मी शब्द घेऊन जाते, चाचा वस्तू दाखवतात.
डब्यातली शेंगदाण्याची चटणी दोघांत.
शाफ्टला प्ले किती, ते त्यांनी हलवून दाखवलं:
थोडं खेळतं ठेवावं लागतं,
लई आवळलं की तुटतं.
फ्रेंचमध्येही तो खेळच निघाला.
तिन्ही भाषा एका शाफ्टवर, आणि मला
त्या दिवशी काही खोडावं लागलं नाही.

पान एकशे सात.
लेफ्ट पीसेस काढून घ्या, मगच बटण दाबा.
डावे? की उरलेले?
इंग्रजी खांदे उडवते.
फ्रेंचला निवडावंच लागतं, आणि मला तिच्याआधी.
चाचांना वाचून दाखवलं.
ते हात पुसत होते. पुसतच राहिले.

उरलेले, म्हणाले.
आधी उरलेले काढायचे, सगळे.
सत्याण्णव साली मला ज्यानं वाचून दाखवलं
तो म्हणाला, डावे.
त्याचा काय दोष, शिकलेला होता.

मग फडकं बाजूला ठेवलं.
डावा हात. त्यावर उरलेली तीन बोटं.
इतक्या दिवसांत मी तेल पाहिलं होतं,
तार पाहिली होती.

रेस्ताँत, मी लिहिलं. अधोरेखित केलं,
पुस्तिकेत तशी पद्धत नाही तरी.
कसं म्हणतात, त्यांनी विचारलं.
रेस्ताँत.
त्यांनी दोनदा म्हणून बघितलं,
दुसऱ्यांदा जवळजवळ बरोबर आलं.

त्यात कुठं डावं निघत नाही ना?
नाही, चाचा.
नीट बघ.
बघितलं.
मग बरंय, म्हणाले,
आणि भोंगा व्हायच्या आधीच उठले.