गॅस्केट

शुवैखच्या तिसऱ्या गल्लीत, आमच्या पत्र्याखाली,
जुलैत गाड्या येतात त्या तापूनच.
सायलेन्सरमधून पांढरा धूर, काटा लाल रेघेपलीकडे,
आणि मालक सांगतो, काही नाही, जरा गरम होते.

मी डिपस्टिक काढतो, चिंधीनं पुसतो,
पुन्हा घालतो, उजेडात धरतो.
तेल दुधाळ.
मग बोलण्यासारखं उरत नाही.

ब्लॉक आणि हेड, एकमेकांवर आवळलेली दोन लोखंडं,
मध्ये एक पातळ चकती, भोकाभोकांची.
तिचं काम एवढंच:
पाण्यानं पाण्याच्या वाटेनं जावं, तेलानं तेलाच्या,
आग जिथल्या तिथं राहावी.
नवी आठ दिनार.
जळलेली भंगारवालाही घेत नाही.

शब्द पहिल्यांदा सुटला मोफिजुलच्या तोंडून.
उस्ता शाबान, आमचा मिसरी फोरमन,
पाना फेकून ओरडत होता, मानेची शीर दोरखंडाएवढी.
गाडीखालून मोफिजुलचे नुसते पाय दिसत होते.
पाय म्हणाले,
"आज इसका गॅस्केट गया."
कुंजुमोनला हसू आवरेना, लेथ बंद करावं लागलं.

आठवड्यात शब्द कॅम्पवर.
पगार लांबला, गॅस्केट.
फोनवर बायकोशी वाजलं, गॅस्केट.
नवा पोरगा रात्री उशीत तोंड खुपसून रडला
तर सकाळी न्हाणीच्या रांगेत कुणीतरी हळूच,
तेलात पाणी आलं रे याच्या.
इकाम्याचे पैसे न भरता कफील गायब झाला
तेव्हा अख्ख्या खोलीचं गेलं,
बारा खाटांचं, एकदम.

कोपऱ्यावरच्या कासरगोडच्या मोइदूची पिकअप
आम्हीच खोलली होती. तेल बघून म्हणाला,
अरे, ही तर माझी कडक चाय!
तेव्हापासून त्याच्या खिडकीतून हाक,
"तीन गॅस्केट, एकात साखर कमी!"
ज्यांनी जन्मात बॉनेट उघडलं नाही
ते टायपिंग सेंटरवालेही आता तोच मागतात.

फोनवर बोलता बोलता मीही तो बाणकोटला सोडला.
सुट्टीवर गेलो तर तिथं रुळून बसला होता,
वेगळ्याच अर्थानं.
नारळीच्या वाडीवरून चुलत्यांचा तंटा,
मधे माझा थोरला भाऊ,
दोन्हीकडच्या शिव्या गिळणारा,
इकडचं तिकडे न झिरपू देणारा.
जुलेखा म्हणाली, त्यांना सगळे गॅस्केटभाई म्हणतात.
मी जेवता जेवता थांबलो.
आम्ही इतकी वर्षं फक्त फुटल्याचं नाव घेत होतो.
टिकणाऱ्यालाही तेच नाव आहे
हे खाडीकाठच्या बायकांना सुचलं.

ऑगस्टात एका संध्याकाळी मोफिजुलला नोआखालीहून फोन आला.
आई.
पासपोर्ट कफिलाकडे, कफील परदेशात,
आणि त्या उकाड्यात मयत कुणासाठी ठेवणार?
त्यानं फोन खिशात घातला,
आणि लँड क्रूझरचं हेड बसवत होता ते बसवत राहिला.
बोल्ट मधल्यापासून बाहेर, तीन फेऱ्यांत,
दर बोल्टला टॉर्क पान्याची टक्.
मी मोजत होतो. एकही चुकला नाही.

तो शब्द कुणी काढला नाही.
शाबान आला, मोठा पंखा त्याच्याकडे वळवून
काही न बोलता निघून गेला.
मी मोइदूच्या खिडकीशी उभा राहिलो.
जीभ सवयीच्या खाचेत गेलीच होती, मागं ओढली.
"दोन चहा."
मोइदूनं माझ्याकडे एकदा बघितलं,
पैसे घेतले नाहीत.

ती लँड क्रूझर पुन्हा आमच्याकडे आली नाही.