तिसऱ्या अंकानंतर

भरत नाट्यला साडेदहाला तो मेला.
"पाणी," म्हणाला दोनदा, कुणी दिलं नाही.
कुमुदने माझा रुमाल घेतला,
अजून परत केलेला नाही.

दुसऱ्या अंकातल्या पदाला वन्स मोअर
आमच्याच रांगेतून गेला होता,
पण तेव्हा तो जिवंत होता.

पेठेतली शटरं अर्ध्यावर.
एका हॉटेलात पोऱ्या खुर्च्या उलट्या करत होता.
"दोन उत्तप्पे आणि दहीभात. बाकी संपलं."
उत्तप्पे आम्ही घेतले.

आणि मेलेला आत आला.
कानामागे रंग, खांद्याला शबनम,
मागे पेटीवाला.
पेटीलाही एक खुर्ची सरळ करून मिळाली.
दहीभात त्यांच्यात अर्धा अर्धा.
पेटीवाल्याची बोटं टेबलावर
पदाची शेवटची ओळ शोधत राहिली.

"पाणी," तो म्हणाला.
तोच आवाज.
पोऱ्या मोरीत होता.

कुमुद उठली.
आमचा जग, भरलेला, दोन्ही हातांनी धरून
टेबलांमधून चालत गेली,
जणू विंगेतून
कुणीतरी ढकललंय तिला.

त्याने एक घोट घेतला, वर पाहिलं.
"गार नव्हतं का हो?"

मागच्या ट्यूबलाइट बंद व्हायला लागल्या.
उत्तप्पा चांगला होता, कडेला जरा करपलेला.