रकाना सात

काटोल रोडवर, फेटरीच्या पुढे,
टिनाच्या शेडखाली आमच्या आठ टाक्या.
आत संत्र्याचा रस आंबतो.
कान लावला तर
मांडवात मागच्या रांगेतल्या बायका
हळू बोलत असाव्यात, तसं ऐकू येतं.

अर्ज बावीस पानांचा.
मालक हेमराज डांगोरे म्हणाले, तूच भर.
तुझं अक्षर बरं आहे,
आणि खोटं लिहिताना तुझे कान लाल होतात,
म्हणजे मला वेळेवर कळेल.

रकाना तीन : सीमा. नकाशा जोडावा.
मी पेन्सिलीनं रेघ ओढत निघालो,
नरखेड, काटोल, कळमेश्वर आत घेतलं,
सावनेरहून वर चढलो
आणि केळवदच्या पुढे थांबलो.
तिथं राज्य संपतं.
काळ्या मातीला हे कोणी कळवलेलं नाही.

तपासायला पुण्याहून बाई आल्या, लोहोकरे.
पेला तिरपा धरून उजेडात पाहत म्हणाल्या,
दूरच्या देशांत टेकडीच्या या उताराचं नाव वेगळं,
त्या उताराचं वेगळं.
बाहेरचं एक घमेलं द्राक्ष मिसळलं
तरी नाव काढून घेतात.
हेमराज म्हणाले, आमच्याकडं तं
आडनाव एकदा चिकटलं का मेल्यावरही निघत नाही.
बाई हसल्या नाहीत.
रकाना सात : शैली.
कशी लागते तुमची वाइन?

गोड, आम्ही म्हणालो.
गोड तर सरबतही असतं, बाई म्हणाल्या.

निवडणीवरच्या शेवंता कुमरेला बोलावलं.
ती दहा वर्षं कळमन्याच्या बाजारात होती.
ढिगातून फळ उचलते, अंगठ्यानं दाबते,
कानाशी हलवते.
हा किन्नू, साल पाहा कशी कंजुसासारखी धरून बसली.
हे राजस्थानचं.
हे आपलं.
तिनं पदराला हात पुसले, एक घोट घेतला,
डोळे मिटले.
"पहिले गोड. मंग आंबट.
आता थांबा जरासे.
मांगून कडू येते, बियाच्या फोडीवानी.
थे नाही आली, तं आपली नाही होय."

बाईंनी लिहिलं : अंतिम चवीत सौम्य कटुता, अनिवार्य.

झालं.
त्याच कडवटपणासाठी हेमराजनी
दोन लाखांचं गाळणयंत्र मागवलं होतं.
मोठ्या शहरांतली गिऱ्हाइकं तोंड वाकडं करायची.
खोकं न उघडताच परत गेलं.
महिनाभर ते शेवंताशी बोलले नाहीत,
मग बोलले.

रकाना अकरा : मूळ.
यासाठी मी बागेत जाऊन उकिडवा बसलो.
जमिनीपासून वीतभर वर
खोडावर एक गाठ असते, जुन्या जखमेसारखी.
गाठीच्या वर संत्रा.
खाली जंभेरी,
काटेरी, आंबट, जिला कोणी विकत घेत नाही.
सगळं पाणी तीच वर चढवते.
मी मूळ या शब्दापुढं पेन धरून राहिलो.
शेवटी लिहिलं, नागपूर.
कान तापल्याचं मला जाणवलं.

नाव मिळालं.
बाटलीच्या मानेवर आता चंदेरी शिक्का बसतो,
आणि खरेदीचे ट्रक फाटकावरच तपासले जातात.
शेवंता मूळची सौंसरची, रेघेपलीकडची.
तिच्या आज्यानं काटोलहून
डोळ्याच्या काड्या ओल्या पोत्यात गुंडाळून नेल्या होत्या,
बाग अजून उभी आहे, बाप राखतो.
परवा त्या बागेतले चाळीस क्रेट
व्यापाऱ्याच्या मालात मिसळून आले.
तिनं एकेक बाजूला काढले,
भिंतीशी रचले,
वर ताडपत्री टाकली.

मी विचारलं, कशी ओळखतेस गं यातली?
तिनं एक फळ माझ्या हातात दिलं,
दुसरं दुसऱ्या हातात.
"वळखू नाही येत," ती म्हणाली.
"मी चिठ्ठी वाचून काढतो."