चव्वेचाळीस अंश

एप्रिल सरत आलाय. सकाळची शाळा.
साडेदहालाच फैजपूरच्या रस्त्याचं डांबर
चपलेला धरून ठेवतं.
मी फळ्यावर हॅलिफॅक्स काढते आहे.
अक्षांश चव्वेचाळीस, उत्तर.

मागच्या बाकावरून,
"मॅडम, आपला बी काल चव्वेचाळीसच व्हता!"
वर्ग हसतो. मीही.
अंश शब्द एकच. तिथे तो
पृथ्वीच्या अंगावरची खूण,
इथे पाऱ्याने चढलेली पायरी.

खडू मोडत जातो तसतसा किनारा होतो,
कुरतडल्यासारखा.
मग आत शिरलेलं पाणी: आधी रुंद तोंड,
मग चिंचोळा गळा,
आणि मागे हतनूरच्या फुगवट्याएवढं पोट,
जिथे वादळात जहाजं येऊन निजतात.
दक्षिणेकडून कोमट प्रवाह येतो,
उत्तरेकडून दुसरा, बर्फाच्या घरचा.
बंदराच्या दाराबाहेर त्यांची गाठ पडते
आणि गाव दिवस दिवस दिसत नाही.

हेमांगी नेहेते उभी राहते.
"समिंदर गोठत नही, तं मंग थंडी कायची?"

गोठतं ना, सगळंच. नळ, गाड्यांच्या काचा,
माणसांच्या मिश्या.
बंदर तेवढं जागं राहतं.
मीठ त्याला झोपू देत नाही.

"आन् उन्हाळा?"
जुलैत एकोणीस. वीस.

हिच्या वडलांची सावद्याला केळी पिकवायची खोली आहे,
सतरा-अठरावर ठेवलेली.
थंडी म्हणजे तिला एक जाड दार:
आत जाताना बापाचा स्वेटर,
बाहेर येताना भट्टी.
ती हिशेब करते, बोटांवर.
"म्हन्जे ते लोक भर उन्हाळ्यात
आमच्या केळीच्या खोलीत ऱ्हातात?"

हो गं. आणि त्याला ऊन म्हणतात.

सोळा वर्षं बंदरं शिकवते आहे.
कोणी विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही,
मी समुद्र पाहिलेला नाही.
सुरत पॅसेंजर रोज जाते.
तापीही जाते, पाणी असेल तेव्हा.
राहिले ती मीच.

पण एका जानेवारीत पारा सहावर आला होता,
केळीची पानं काळी पडायला लागली,
आणि लोकांनी रात्रभर बांधाबांधावर काडीकचरा पेटवला.
पहाटे गच्चीवर गेले तर
धूर बागांवर आडवा पसरलेला, हलेना.
त्यातून पाण्याची टाकी तेवढी वर,
आणि कुठून तरी केळीचा ट्रक
वाट सापडेना म्हणून
लांब, जाड आवाजात हॉर्न देत होता.
थांबून थांबून.
मी कठडा धरून उभी होते.

घंटा होते. देवयानी डस्टर उचलते.
नको पुसू, म्हणते मी.
दुपारी या खोलीत कोणी नसतं.
असू दे तेवढं पाणी.