उत्तरेचा किनारा, पहिला मुक्काम

बावीस वर्षं शाळेची पोरं वाहिली हिने,
आता आमचा संसार वाहणार म्हणे.
पिवळ्यावर ह्यांनी दोन हात पांढरा मारला,
तरी तिरपं ऊन आलं की कुशीवर
"शाळेची गाडी" पुन्हा उमटते,
ओल्या फडक्याने पुसलेल्या फळ्यासारखी.

मागचे बाक काढून प्लायची खाट.
खाटेखाली पाण्याचा कॅन, दोन बर्नरची शेगडी,
पोह्यांचा डबा, माझ्या बीपीच्या गोळ्या,
आणि एक छत्री, कारण मी सांगितलं म्हणून.

बेत असा होता:
घोडबंदरवरून पूल ओलांडायचा,
मग समुद्र डाव्या हाताला धरून वर वर जायचं,
केळवे, डहाणू, उंबरगाव, दमण,
जमीन संपेल तिथे चहा.
इस्त्रीवाल्याच्या कागदामागे ह्यांनी काढलेला किनारा
करवतीच्या पात्यासारखा दिसत होता.
"खडकाळ आहे फार," हे म्हणाले,
जसं काही बघूनच आलेत.

माजिवड्याला मी पुढे बसले.
बावीस वर्षांत पहिल्यांदा.
ती जागा कायम कुणा ना कुणा पोराची,
ज्याला मागे मळमळतं त्याची.
गुडघ्यासमोर कर्कटकाने कोरलेलं होतं:
ओजस गाढव आहे.
बोट फिरवून बघितलं.
चांगलं खोल होतं.

कासारवडवलीला क्लच जड झाला.
हे काही बोलले नाहीत,
फक्त रेडिओ बंद केला.
गायमुखच्या चढाने तर तिला वर घेतलंच नाही.
टँकरवाल्या दोन पोरांनी ढकलून
खाडीच्या अंगाला उतरवून दिली
आणि पैसे विचारले तर हसली.

मेकॅनिक सकाळी येणार.
समोर वसईची खाडी, ओहोटीत काळे दगड उघडे,
चिखलात तिवरांची मुळं,
एक बगळा, त्याला कसलीच घाई नाही.
"काय हो," मी म्हटलं,
"ठाण्याचा उत्तर किनारा हाच ना?"
ह्यांनी कागद उलटा केला, सुलटा केला,
घडी घालून खिशात ठेवला.

अंधार पडल्यावर गावित हवालदार आले.
"इथे मुक्काम नाही करता येत, आजी.
रात्री वाघरू उतरतं पाण्याला."
मग बॅटरीचा झोत आत फिरला,
खाटेवर, पोह्यांवर, ह्यांच्या पायमोज्यांवर.
चहा झाला. साखर जास्त लागली त्यांना.
"माझी ड्यूटी सातपर्यंत," जाताना म्हणाले,
"काचा लावून घ्या.
मला काही दिसलेलं नाही."

मेणबत्ती शोधताना पुढच्या खणात हात घातला
तर आरटीओच्या पावतीची बारकी पुडी.
वर ह्यांचं अक्षर:
तन्मय सबनीस, दुसरी ब.
आत दुधाचा दात.
तांदळाएवढा, एका टोकाला तपकिरी.

"मानपाड्याच्या सिग्नलला पडला," हे म्हणाले,
"रडला, मग खिडकीतून म्हैस दिसली,
तर विसरूनच उतरला.
दुसऱ्या दिवशी द्यायचा म्हणून ठेवला,
तर बापाची नागपूरला बदली."

"मग इतकी वर्षं?"

"दात छपरावर टाकायचा असतो ना.
आपण दुसऱ्या मजल्यावर.
छप्पर वरच्या केळुसकरांचं.
त्यांना कसं सांगणार?"

खाडीला भरती लागली होती,
दगडांमधून पाणी आत येताना
कुणीतरी घसा साफ करावा तसा आवाज.
मी चप्पल न घालता उतरले.
खडक पायाला लागले, दिवसभराचे अजून कोमट.
मागे सरले चार पावलं,
नेम धरला,
उंदीरमामाला जे सांगायचं ते सांगितलं
आणि टाकला गाडीच्या टपावर.

पत्र्यावर टिक् झालं.
मग घरंगळल्याचं.
मग नाही.

आतून ह्यांनी विचारलं,
"राहिला?"

थोडा वेळ कान देऊन उभी राहिले.

"राहिला."